धनुर्धारी नायक लिहायचाय? आधी त्याचा खांदा घडवा

मराठीत ऐतिहासिक गोष्ट लिहायची म्हटलं की लेखणी आपसूक शिवकाळाकडे नाहीतर पेशवाईकडे वळते. ती वाट सोडून तुम्हाला चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्लिश तिरंदाजाची आणि त्याच्या पुरुषभर उंचीच्या धनुष्याची, म्हणजे लाँगबोची, गोष्ट लिहायची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या काळावर पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला डोळ्यासमोर ठेवून क्रमानं सांगतो. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पुढची प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. धनुष्य म्हटलं की आपल्या डोक्यात अर्जुन येतो: माशाचा डोळा, न संपणारा भाता, एकातून दहा होणारे बाण. लाँगबोवाला यातलं काहीच नव्हता. तो रोजंदारीवर लढायला गेलेला माणूस होता, बहुतेकदा शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरातला. त्याला बाण मोजून मिळायचे आणि ते संपायचेही. त्याच्या नेमबाजीचं कौतुक थोडं कमी करा आणि अंगमेहनतीकडे नीट बघा, म्हणजे अर्धी गोष्ट हाती लागते.

१. आधी साल, मग नाव

नवोदितांच्या कथांमध्ये ‘मध्ययुगातली एक सकाळ’ अशी सुरुवात फार दिसते. मध्ययुग हे काही साल नाही. पहिला एडवर्ड १२९८ मध्ये फॉलकर्कला स्कॉटिश भालेकऱ्यांशी लढला तेव्हा इंग्लिश सैन्यात धनुष्यं होती, आणि १५४५ मध्ये आठव्या हेन्रीच्या जहाजावरही ती होती. या अडीचशे वर्षांत चिलखत बदललं, पगार बदलला, तोफा आल्या, एक महामारी येऊन गेली. सगळ्यांची खिचडी केलीत तर जाणकार वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल.

म्हणून एक लढाई निवडा. टाउटन सोडली तर खालच्या सगळ्या इंग्लंड-फ्रान्स युद्धातल्या आहेत. क्रेसी (२६ ऑगस्ट १३४६) घेतलीत तर फ्रेंचांकडून लढणारे जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोवाले (क्रॉसबो म्हणजे कळ दाबून सोडायचं आडवं धनुष्य), ऐन वेळी आलेला पाऊस आणि मागे सामानाच्या गाड्यांत राहून गेलेल्या त्यांच्या मोठ्या ढाली हे सगळं आयतं मिळतं. प्वातिए (१९ सप्टेंबर १३५६) म्हणजे कुंपणाआडून केलेली लढाई. अ‍ॅजिनकोर्ट (२५ ऑक्टोबर १४१५) सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून तिथे चूक लगेच पकडली जाते. टाउटनला (२९ मार्च १४६१) इंग्लंडातल्याच यादवीत इंग्लिश तिरंदाज इंग्लिश तिरंदाजांसमोर उभे होते. बर्फ पडत होता आणि वारा यॉर्क पक्षाच्या पाठीशी होता. त्यांनी बाण सोडले आणि चार पावलं मागे सरले. समोरच्यांचे बाण वाऱ्यानं अडून अलीकडेच पडत राहिले. मग तेच बाण उपटून यॉर्कवाल्यांनी परत मारले.

मला विचाराल तर पाते. १८ जून १४२९, जोन ऑफ आर्कचं साल. इंग्लिश तिरंदाज अजून जागा धरत होते, घोडदळ अडवायचे टोकदार लाकडी सुळके रोवायचे बाकी होते, आणि झाडीतून एक हरीण उधळत त्यांच्यात घुसलं. बखरकार सांगतो की ते पाहून इंग्लिश लोकांनी एकच गिल्ला केला. त्या आवाजावरून फ्रेंच टेहळ्यांना ठिकाण कळलं आणि घोडदळ थेट अंगावर आलं. लाँगबोवाल्यांना मांडणी करायला सवड मिळाली नाही की काय होतं, ते या एका दिवशी दिसतं. विजयाच्या गोष्टी बक्कळ आहेत. नवख्या लेखकानं हरलेली लढाई घ्यावी असं माझं मत आहे, कारण तिथे वाचकाला पुढचं पाठ नसतं.

साल ठरलं की नायकाचा जन्म उलटा मोजा. क्रेसीला तो वीस वर्षांचा असेल तर जन्म १३२६. इंग्लंडात प्लेग उतरला १३४८ मध्ये, म्हणजे तेव्हा तो बावीसचा. देशातली किमान तिसऱ्या हिश्श्याएवढी माणसं त्यात गेली. लूट कमरेला बांधून परतलेल्या या पोराच्या घरी कोण उरलं, याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल. प्वातिएला तो तिशीचा असेल आणि सोबतच्या निम्म्या जणांनी आईबाप पुरलेले असतील.

२. खांदा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, घाई करू नका.

मध्ययुगातली लाँगबो धनुष्यं आज जवळपास शिल्लक नाहीत. लाकूड कुजतं, आणि साधं हत्यार कुणी जपून ठेवत नाही. आपल्याला जे नक्की माहीत आहे त्यातलं बरंचसं एका बुडालेल्या जहाजामुळे. आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्समथसमोर बुडालं आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये वर काढलं गेलं. गाळात रुतल्यामुळे त्यातली १३७ अख्खी धनुष्यं आणि सुमारे साडेतीन हजार बाण टिकले. धनुष्यांची सरासरी लांबी १९८ सेंटिमीटर, म्हणजे बहुतेक मालकांच्या डोक्याच्या वर. मैदानावरचे खेळाडू ज्याला पाउंडेज म्हणतात तो ताण अभ्यासकांच्या हिशेबानं साधारण १०० ते १८५ पौंड, म्हणजे ४५ ते ८४ किलो.

हा आकडा कागदावर कळत नाही. ऑलिंपिकमधले पुरुष तिरंदाज साधारण ४५ ते ५० पौंडांचं धनुष्य वापरतात. तुमच्या शहरात तिरंदाजीचं मैदान असेल तर प्रशिक्षकांची परवानगी घेऊन एकदा तीस पौंडांचं धनुष्य ओढून बघा. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले, त्यामुळे आपल्याकडे हा खेळ शोधणं आता काही अवघड नाही. कंपाउंड धनुष्याला टोकाशी चाकं असतात. दोरी पूर्ण मागे आली की हातावरचा भार एकदम हलका होतो, म्हणून खेळाडू शांतपणे नेम धरू शकतो. लाँगबोचं अगदी उलट आहे. जेवढी दोरी मागे जाते तेवढा भार वाढतो, आणि कानाशी पोचेपर्यंत तो सर्वांत जास्त झालेला असतो. तिथे थांबायला फुरसत नसते. दोरी कानाशी आली की सुटते.

इतका भार नुसत्या दंडानं ओढता येत नाही. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकानं १५४९ मध्ये राजासमोरच्या प्रवचनात आपलं लहानपण सांगितलं आहे: वडिलांनी हाताच्या जोरावर ओढण्याऐवजी सगळं अंग धनुष्यात घालायला शिकवलं, आणि वय व ताकद वाढेल तसं दर वेळी मोठं धनुष्य विकत आणून दिलं. लिहिताना ही हालचाल डोळ्यासमोर आणा. पाय फाकलेले, धनुष्य आधी जरा खाली, मग ते वर येताना डावा खांदा लाकडाकडे लोटला जातो आणि उजवं कोपर मागे. छाती दोन्हींच्या मधे उघडते. जोर पाठीतून, फऱ्यांमधून येतो. समोरून बघणाऱ्याला वाटेल की हा माणूस दोन झाडांच्या मधे शिरायला बघतोय.

मेरी रोझवरच्या काही सांगाड्यांत खांद्याच्या पात्याच्या टोकाचा जो तुकडा ऐन तारुण्यात जुळून यायला हवा, तो जुळलेलाच नव्हता. हाड पक्कं व्हायच्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासक मानतात. तुमच्या नायकाला हा खांदा द्या. थंडीत सकाळी तो सदरा कसा चढवतो? लेकराला कोणत्या हातावर घेतो? चाळिशीत त्याला गवत कापता येतं का? त्याच्या उजव्या हाताच्या दोन-तीन बोटांची कातडी कशी झाली आहे? अशा चार ओळींनी तो जेवढा खरा वाटेल तेवढा चार लढायांनी वाटणार नाही.

बालपणाचं प्रकरण इथेच लिहून टाका. तिसऱ्या एडवर्डनं १३६३ मध्ये हुकूम काढला की धडधाकट पुरुषांनी रविवारी आणि सणावारी तिरंदाजीचा सराव करावा, चेंडूचे खेळ आणि कोंबड्यांच्या झुंजी बंद. असे हुकूम पुढेही पुन्हा पुन्हा निघाले, यावरून पोरं काय करत होती ते उघड आहे. चर्चची प्रार्थना उरकली की गावाबाहेर मातीच्या ढिगावर निशाणं लावायची, म्हाताऱ्यांनी बाकावर बसून नावं ठेवायची, पैजा लागायच्या. आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्यानं तर चोवीस वर्षांवरच्या माणसाला २२० यार्डांपेक्षा, म्हणजे सुमारे २०० मीटरपेक्षा, जवळच्या निशाणावर दूरपल्ल्याचे हलके बाण मारायला मनाई केली होती. लांबवर मारायची सवय मोडू नये, हा हेतू. पहिल्या एडवर्डच्या काळात जायचं असेल तर १२८५ चा विंचेस्टरचा कायदा बघा. ज्याची जेवढी ऐपत, त्यानं तेवढं हत्यार घरी ठेवायचं, आणि गरिबाच्या वाट्याला धनुष्यबाण.

३. सामान: काय होतं, काय नव्हतं

धनुष्य यू नावाच्या झाडाचं, एकाच लाकडातून कोरलेलं. या झाडाची खुबी अशी की बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं. कारागीर दोन्हींच्या सीमेवरून फळी काढतो: पाठ (निशाणाकडची बाजू) फिकट, पोट (तिरंदाजाकडची बाजू) तांबूस. दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या, त्यांत दोरीसाठी खाच. दोरी तागाच्या जातीच्या धाग्याची, मेण चोळलेली. लढाई जवळ येईपर्यंत ती चढवायची नाही, कारण वाकवून ठेवलेलं लाकूड तसंच बसतं आणि जोर जातो. म्हणून तंबूच्या खांबाला ‘चढवलेलं’ धनुष्य टांगू नका. ते काठीसारखं सरळच असायला हवं.

नायक चर्चच्या आवारातल्या यूची फांदी चांदण्यात तोडून स्वतःचं धनुष्य घडवतो, हे दृश्य मोहात पाडतं. सोडून द्या. इंग्लंडातलं यू बहुधा वेडंवाकडं आणि गाठाळ वाढायचं. चांगलं लाकूड स्पेन, इटली, बाल्टिक किनारा इथून यायचं. १४७२ मध्ये तर कायदाच झाला की परदेशी व्यापारी जहाजानं मालाच्या प्रत्येक टनामागे धनुष्याच्या चार काठ्या आणल्याच पाहिजेत. चांदण्यातल्या फांदीपेक्षा बंदरावरची जकात आणि काठ्या ठोकून बघणारा कारागीर हे दृश्य जास्त नवं ठरेल.

बाण अ‍ॅस्पेन, अ‍ॅश वगैरे लाकडांचे, पाऊण मीटरच्या आसपास लांब आणि खेळातल्या बाणापेक्षा कितीतरी जड. पिसं हंसाच्या जातीच्या पाळीव बदकांची, ज्यांना इंग्रजीत गूज म्हणतात त्यांची. पाचव्या हेन्रीनं १४१७ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक गूजच्या पंखांतली सहा पिसं सरकारजमा करावीत. गावच्या बाईच्या अंगणात शिरून शिपाई तिची बदकं मोजतोय, हा प्रसंग मी तर पहिल्याच प्रकरणात घातला असता.

बाणांची जुडी चोवीसची. ती कापडी पिशवीत, पिसं चुरगळू नयेत म्हणून आत भोकं पाडलेली चामड्याची चकती. लढताना बाण कमरपट्ट्यात खोचलेले किंवा समोर जमिनीत रोवलेले. पाठीवरचा भाता हा चित्रपटांचा शोध समजा आणि काढून टाका. डाव्या मनगटावर दोरीचा फटका बसू नये म्हणून चामड्याचा पट्टा. कमरेला तलवार किंवा कुऱ्हाड किंवा शिशाच्या डोक्याचा जड हातोडा. अंगात जाड गोधडीवजा शिवलेला अंगरखा, डोक्याला लोखंडी टोपी.

आपल्याकडच्या संग्रहालयांतली मुघल किंवा दख्खनी कमान बघून वर्णन करू नका. ती शिंग, स्नायू आणि लाकूड चिकटवून केलेली, आखूड, दोन्ही टोकांना वळलेली असते. तिची दोरी अंगठ्यात कडं घालून ओढायचे. लाँगबोची दोरी बोटांनी ओढतात, आणि उजव्या हाताचा तिरंदाज बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवतो.

४. पगार आणि करार

अ‍ॅजिनकोर्टच्या मोहिमेत तिरंदाजाला दिवसाला सहा पेन्स मिळायचे, चिलखती योद्ध्याला बारा. त्या आधीच्या शतकात पायी तिरंदाजाला तीन आणि घोडेवाल्याला सहा. सहा पेन्स म्हणजे कुशल सुताराच्या रोजापेक्षा थोडे वरच. मुद्दा हा की तुमचा नायक बहुधा राजासाठी किंवा धर्मासाठी गेलेला नाही, कमवायला गेलाय. घोडेवाला तिरंदाज घोड्यावर बसून लढत नसे, एवढं ध्यानात ठेवा. घोडा चालीसाठी, लढाई पायांवर.

सैन्य करारांवर उभं राहायचं. कप्तान राजाशी करार करायचा, माणसं जमवायचा. १४१५ मध्ये एका चिलखती योद्ध्यामागे तीन तिरंदाज हे प्रमाण होतं. पहिल्या तिमाहीचा पगार आगाऊ. दुसऱ्या तिमाहीसाठी राजानं कप्तानांकडे दागदागिने गहाण ठेवले होते. लुटीतला आणि खंडणीतला हिस्सा कप्तानाला, त्यातला राजाला. भांडणं इथे होतात, गोष्टीही इथेच असतात. शिवाय १३४६-४७ च्या मोहिमेत लढल्याबद्दल खुनासकट गुन्ह्यांना माफी मिळालेली माणसं होती. तुमच्या नायकाच्या शेजारी झोपणारा माणूस कशातून सुटून आलाय, ते ठरवा.

आणि तो जाळपोळ करतोच. चौदाव्या शतकातल्या मोहिमांचं निम्मं काम म्हणजे शत्रूची गावं, कोठारं, गिरण्या जाळत जाणं. १३५५ मध्ये युवराज एडवर्डची फौज बोर्दोपासून नार्बोनपर्यंत अशीच गेली. नायकाला दर वेळी ‘मी नाही त्यातला’ करून बाजूला उभं केलंत तर ती सवंग सोय ठरेल.

५. लढाईचा हिशेब वहीत मांडा

दृश्य लिहिण्याआधी गणित करा. कसलेला माणूस मिनिटाला दहा बाण सोडू शकतो, पण थोडाच वेळ. त्या वेगानं एक जुडी अडीच मिनिटांत संपते. सहाच्या वेगानं चार मिनिटांत. तीन जुड्या असल्या तरी बारा मिनिटं. लढाई तासन्‌तास चालली असेल तर उरलेल्या वेळात तो काय करतो? प्वातिएला बाण संपले तेव्हा तिरंदाज धावत जाऊन अर्धमेल्यांच्या अंगातून बाण उपटत होते, अशी नोंद आहे. त्याच लढाईत घोड्यांच्या छातीवर पत्रे असल्यानं बाण घसरून जाऊ लागले, तेव्हा तिरंदाजांना बाजूला हलवून घोड्यांच्या उघड्या मागच्या अंगावर मारायला लावलं. बाणांचा पाऊस पडला आणि शत्रू गारद झाला, एवढ्यावर भागवू नका.

अ‍ॅजिनकोर्ट नमुना म्हणून बघू. हारफ्लर बंदराचा वेढा २२ सप्टेंबरला संपला तेव्हा सैन्यात हगवण पसरली होती. ८ ऑक्टोबरला फौज निघाली आणि सोम नदीचा उतार शोधत अडीच आठवड्यांत जवळपास चारशे किलोमीटर चालली. वाटेत राजानं, म्हणजे पाचव्या हेन्रीनं, हुकूम दिला की प्रत्येक तिरंदाजानं दोन्ही टोकांना तासलेला सहा फुटी सुळका बाळगावा. म्हणजे धनुष्य, बाण, हत्यार, यावर आता एक खांब. लढाईच्या आदल्या रात्री पाऊस. छावणीत संपूर्ण शांतता पाळायची. बोललेल्या सरदाराचा घोडा आणि चिलखत जप्त, साध्या माणसाचा उजवा कान कापला जाणार. हगवण झालेली, भुकेली, भिजलेली पाच हजारांच्या घरातली तिरंदाज मंडळी कानाच्या धाकानं गप्प बसली आहेत. या रात्रीवर दहा पानं सहज होतात, आणि त्यात एकही बाण सुटत नाही.

सकाळी दोन्ही फौजा तासन्‌तास एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. शेवटी हेन्रीनं पुढे सरकायचा हुकूम दिला. रोवलेले सुळके उपटायचे, नांगरलेल्या चिखलातून पुढे जायचं आणि शत्रूच्या देखत पुन्हा ठोकायचे. फ्रेंच घोडदळ नेमकं तेव्हा आलं असतं तर? ठोकत असलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही नसेल. मग साठीला टेकलेल्या सर थॉमस अर्पिंगहॅमनं दंडुका हवेत उडवला आणि बाण सुटले. घोडे बिथरून मागे आपल्याच लोकांत घुसले, पायी चालणारे चिलखती योद्धे चिखलात दाटीवाटीनं अडकले, आणि तिरंदाज धनुष्यं टाकून हातोडे, कुऱ्हाडी घेऊन त्यांच्यात शिरले. पुढे कैदी मारायचा हुकूम आला. ते काम दोनशे तिरंदाजांवर सोपवल्याचं बखरींत आहे. तुमचा नायक त्या दोनशेंत होता का, हे लढाईचं प्रकरण सुरू करण्याआधी ठरवा.

६. आता परिच्छेद लिहा

बहुतेकांचा पहिला मसुदा असा येतो:

‘त्याने धनुष्य ताणून धरले. सेनापती ओरडला, थांबा, थांबा! शत्रू टप्प्यात येताच त्याने अचूक नेम साधला. बाण सरदाराचे चिलखत भेदून थेट हृदयात घुसला.’

तीन ठिकाणी घोटाळा आहे. ताणून धरून वाट बघता येत नाही, ते वर आलंच. दोनशे मीटरवरच्या गर्दीत एक सरदार टिपला जात नाही, मारा रांगेवर होतो. आणि छातीवरचा पत्रा. २०१९ मध्ये इंग्लंडात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नमुन्यावर घडवलेल्या छातीच्या चिलखतावर १६० पौंडी धनुष्यानं जवळून बाण मारून पाहिले. पत्रा भेदला गेला नाही. बाण फुटले आणि चिपा गळ्याच्या दिशेनं उडाल्या. बाणानं माणूस मरायचा तो सांध्यांतून, चेहऱ्यातून, घोड्यावरून पडून, चिखलात दबून. ते लक्षात ठेवून:

‘आठव्या बाणाला खांदा कुरकुरला. समोर कोण पडलं, कुणाच्या बाणानं, कळायला मार्ग नव्हता. माना खाली घालून ते येतच होते, कारण मान वर केली की डोळ्यांच्या फटीतून बाण यायचा. चिखलात रोवलेले आता नऊ उरले. डावीकडच्या म्हाताऱ्यानं न बघताच आपले दोन त्याच्याकडे सरकवले. “माझा हात गेला,” असं म्हणून तो कमरेचा हातोडा सोडवायला लागला.’

जखमा लिहिताना श्रूजबरीच्या लढाईबद्दल (२१ जुलै १४०३) वाचा. पुढे पाचवा हेन्री झालेला युवराज तेव्हा सोळा वर्षांचा होता. बाण नाकाशेजारी घुसला, काडी ओढून काढली तर टोक आत कवटीच्या मागच्या बाजूला राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्यानं त्यासाठी स्क्रूचा चिमटा मुद्दाम घडवून घेतला, मध लावलेल्या कापडाच्या वाती घालून जखमेचं तोंड रोज थोडं रुंदावत नेलं, टोक बाहेर काढलं आणि वाइननं जखम धुतली. त्यानं हे सगळं लिहून ठेवलंय. खांद्यातला बाण उपसून पुढच्या ओळीत धावणारा नायक यानंतर तुमच्याच्यानं लिहवणार नाही.

७. मराठी कोणती वापराल?

गनीम, मावळे, फितुरी, जासूद हे शब्द आले की वाचक सह्याद्रीत पोचतो. शिपाई, कप्तान, टेहळ्या, वेढा, छावणी असे वापरून गुळगुळीत झालेले शब्द बरे. नाणी पेनी-शिलिंगच राहू द्या: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. तिरंदाज आपसांत अरे-तुरे बोलतील, सरदाराशी ‘तुम्ही’ आणि नावाआधी ‘सर’. ‘महाराजांचा विजय असो’ नको. चेशायरच्या माणसाच्या तोंडी वऱ्हाडी आणि वेल्शच्या तोंडी मालवणी घालायची कल्पना गमतीची वाटते, पण दोन पानांनंतर ती गंमतच उरते. त्यापेक्षा वेल्श तिरंदाजाला इंग्रजी येत नाही, हे दाखवा. १३४६ च्या वेल्श तुकड्यांबरोबर दुभाष्या असायचा. एका तंबूत दोन भाषा आणि मधे एक थकलेला दुभाष्या, एवढं पुरे.

नावं फार निवडू नका. जॉन, विल्यम, थॉमस, रॉबर्ट, रिचर्ड यांतच गाव भरायचं. म्हणून टोपणनावं लागतात.

८. कुठे बघायचं, काय तपासायचं

इंग्लंडमध्ये राहत असाल तर पोर्ट्समथचं मेरी रोझ संग्रहालय पहिलं. चिलखतांसाठी लंडनचं वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचं रॉयल आर्मरीज. घरबसल्या सगळ्यात उपयोगी म्हणजे १३६९ ते १४५३ मधल्या इंग्लिश सैनिकांच्या हजेरीपटांचा फुकट ऑनलाइन संग्रह, रेडिंग आणि साउदॅम्प्टन विद्यापीठांनी तयार केलेला. तिथे कप्तानाचं नाव टाकलं की त्याच्या हाताखालचे तिरंदाज ओळीनं येतात. नायकाचं नाव, कप्तान, मोहिमेचं साल तिथे ताडून बघा.

मसुदा झाल्यावर एक चक्कर फक्त खाण्यापिण्यासाठी मारा. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची हे सगळं कोलंबसानंतरचं. तुमच्या माणसांसाठी पाव, वाटाण्याची आमटी, खारवलेला मासा आणि एल नावाची बिअर. दुसरी चक्कर दोन बोटांसाठी: विजयाची खूण म्हणून दोन बोटं दाखवायची पद्धत अ‍ॅजिनकोर्टपासून आली, याला त्या काळातला पुरावा नाही. एका बखरीत एवढंच आहे की लढाईआधीच्या भाषणात हेन्रीनं फ्रेंच तुमची तीन बोटं कापतील असं म्हटलं होतं. तिसरी चक्कर तारखांसाठी. त्या जुन्या ज्युलियन पंचांगातल्या असतात, त्यामुळे आजच्या कॅलेंडरवरून मोजलेला वार चुकतो. क्रेसीला शनिवार होता, अ‍ॅजिनकोर्टला शुक्रवार. शुक्रवारी ख्रिस्ती माणसानं मांस खायचं नसे, तेव्हा त्या सकाळी कुणाच्याही हातात भाजलेली तंगडी देऊ नका.